घरचा अभ्यास : सूर लागण्याआधीची दहा मिनिटं

अमेरिकेत मिडल स्कूलच्या बँडमध्ये वाद्यांची वाटणी झाली, की एखाद्या मराठी घरात ओबो येऊन दाखल होतो. व्हिडिओ कॉलवर तो ऐकून आजी म्हणते, "ही तर सनईच!" तिचं फारसं चुकत नाही. दोन्ही वाद्यांत दोन पातळ पात्या एकमेकींवर थरथरतात आणि दोन्हींची नळी पुढे रुंद होत जाते. फरक पडतो तो आपल्या अपेक्षेत. गाण्याच्या क्लासला मूल महिनोन्‌महिने 'सा' लावत बसलं तर आपण कौतुक करतो. ओबोवर मात्र तेच मूल एक सूर लांबवू लागलं, की स्वयंपाकघरातून हाक येते, "अगं, गाणं वाजव ना!"

मी स्वतः हे वाद्य वाजवत नाही. लेकीच्या सरावाला शेजारी बसून जे कळलं, ते इथे सांगते.

पहिली पायरी पाण्याची. ओबोची रीड बोरूसारख्या पोकळ गवताची असते. कोरडी रीड नीट बोलत नाही. लहान वाटीत कोमट पाणी घेऊन दोन-तीन मिनिटं ती भिजवायची; फार वेळ ठेवली तर ती फुगते. तेवढ्या वेळात वाद्य हातांत किंवा काखेत धरून ऊबदार करायचं. लाकडी ओबो थंडीत बाहेरून गार असतो. त्यात गरम, दमट श्वास एकदम गेला, तर आतलं लाकूड आधी फुगतं आणि नळीला चीर जाऊ शकते. शाळेचा ओबो प्लास्टिकचा असेल तर चिरत नाही, पण गार असताना सूर उतरलेलाच लागतो.

मग नुसती रीड वाजवायची. घरात कावळा शिरल्यासारखं वाटेल; हसू नका. रीड आज कशी आहे, हे त्या आवाजावरूनच कळतं.

तिसरी गोष्ट श्वासाची, आणि ती उलटी आहे. रीडची फट इतकी बारीक असते की हवा संपत नाही, उरते. ती छातीत साचून मूल लाल होतं आणि आपण म्हणतो, "आणखी श्वास घे!" खरं तर त्याला आधी श्वास सोडायचा असतो. सुरुवातीला आणि मधल्या विरामांतही आधी सोडणं, मग घेणं.

यानंतर लांब सूर. मेट्रोनोम ६० वर ठेवून सोपा, मधला एक सूर घ्यायचा. चार मात्रांत हळू ते मोठा, चार मात्रांत पुन्हा हळू, आणि सूर मुळीच हलू द्यायचा नाही. फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रात १९१५ ते १९५४ प्रमुख ओबोवादक असलेले मार्सेल ताब्युतो सुराच्या चढउताराला आकडे देऊन शिकवत. लहान मुलांनाही ते जमतं : एक, दोन, तीन, चार, पाच आणि परत. शेवटी एखादं स्केल संथपणे, आपल्या अलंकारांसारखं.

एवढं दहा मिनिटांत होतं. मग दोन मिनिटं ओठांना विश्रांती. ओठ दमले की मूल रीड चावू लागतं, सूर चढतो आणि "मला येतच नाही" सुरू होतं. अनेकदा त्याला 'येत नाही' असं नसतंच. ओठ थकलेले असतात. हा फरक न कळल्यामुळे वाद्य शाळेत परत जाऊ नये, एवढ्यासाठी हा लेख.

दिवाळीच्या फराळाला पाहुणे येतील. कुणीतरी म्हणेलच, "बाळा, काहीतरी वाजवून दाखव." त्या वेळी पाहुण्यांच्या हातात चकलीची बशी द्या आणि मुलाला आतल्या खोलीत दहा मिनिटं द्या. मैफलीआधी तंबोरे जुळायची वाट आपण बघतोच की!