हत्ती दिला, कप्तानी दिली नाही

साताऱ्याच्या गोऱ्या जिमखान्याने सामन्याआधी सबंध आठवडा खेळपट्टीवर रोलर फिरवून घेतला होता. पुण्याच्या हिंदू संघातून बाळू पालवणकर येणार होते आणि त्यांचा डावखुरा फिरकी चेंडू वळू द्यायचा नव्हता, एवढंच कारण. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची ही गोष्ट. बाळूंनी त्या ठोकून सपाट केलेल्या खेळपट्टीवर सात गडी बाद केले आणि साहेबांचा पराभव झाला. मग सातारकरांनी त्यांना हत्तीवर बसवलं आणि गावातून मिरवणूक काढली. पुण्यात परतल्यावर न्यायमूर्ती रानड्यांनी त्यांच्या गळ्यात हार घातला.

सातारकर हा प्रसंग अभिमानाने सांगतात. सांगावाच. पण त्याला जोडून दुसराही सांगा. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्याच सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, भीमराव आंबेडकर या मुलाचं नाव दाखल झालं. साताऱ्यातल्या शाळेच्या दिवसांत या मुलाला बसायला घरून गोणपाट न्यावं लागे. तहान लागली तर शिपाई येऊन वरून पाणी ओतेपर्यंत थांबावं लागे, आणि शिपाई नसला तर तहानेलंच राहावं लागे. बाळू चांभार समाजातले, भीमराव महार समाजातले. गाव एक, काळ जवळपास एकच. गोऱ्यांना हरवून देणाऱ्या अस्पृश्याला हत्ती आणि शिकू पाहणाऱ्या अस्पृश्याला गोणपाट. ज्या गावाने एकाच्या अंगावर गुलाल टाकला त्याच गावाने दुसऱ्याचा स्पर्श नळाला होऊ दिला नाही. यात विसंगती आहे असं मला मुळीच वाटत नाही. दोन्ही वागण्यांमागे हिशेब एकच होता : तुझ्या हातातून आमच्या कामाचं काही निघत असेल तर ते आम्ही घेऊ, पण तू आमच्या बरोबरीला येऊन बसायचं नाही.

बाळूंची सुरुवात पुण्यात झाली. पारशांच्या क्लबात मैदान झाडायचं, रोलर ओढायचा, पगार महिना तीन रुपये. पुढे युरोपियनांच्या पूना क्लबात चार रुपये. तिथे साहेबांना सरावासाठी तासन्‌तास गोलंदाजी करायची. कॅप्टन ग्रेग नावाचा तिथला नामांकित फलंदाज बाद झाला की बाळूंना आठ आणे देई, अशी आठवण सांगतात. पण इतक्या वर्षांत एकदाही बॅट हाती मिळाली नाही. हा मजूर आपल्यालाही सामने जिंकून देईल हे पुण्याच्या हिंदू मंडळींच्या ध्यानात आलं तेव्हा त्याला घ्यावं की नाही यावर क्लबात तट पडले. शेवटी घेतलं. मैदानात तोच चेंडू सगळ्यांच्या हातातून फिरत होता, त्याला विटाळ नव्हता. चहाची वेळ झाली की मात्र बाकीचे आत चिनीमातीच्या कपातून पीत आणि बाळूंना मंडपाबाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे, पिऊन झालं की फेकून द्यायच्या भांड्यात. हात-तोंड धुवायचं तर पाणी ओतायला त्यांच्यासारखाच अस्पृश्य गडी. जेवायला वेगळी जागा. या माणसाने डाव संपवून यावं, बाहेर उभं राहून चहा घ्यावा आणि परत जाऊन त्याच लोकांसाठी पुढचा डाव गुंडाळावा.

बाळू पुढे मुंबईला गेले. तिथे धर्मवार संघांत सामने होत. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं, तेव्हा संघात बाळू होते आणि भाऊ शिवरामही होते. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. दौरा एकूण फसला. बाळूंनी मात्र सगळ्या सामन्यांत मिळून ११४ बळी घेतले. मुंबईत परतल्यावर दलित समाजाने त्यांचा सत्कार केला, त्यातलं मानपत्र लिहिणारा तरुण भीमराव आंबेडकर होता. आता हिंदू संघाची कप्तानी कोणाला मिळायला हवी होती, हे क्रिकेट न कळणाराही सांगेल. ती वर्षानुवर्षं दुसऱ्यांकडे गेली. कप्तान असलेल्या एम. डी. पै यांनी स्वतः जाहीरपणे म्हटलं होतं की हा मान ज्येष्ठ म्हणून बाळूंचा आहे. पै प्रामाणिक माणूस. पण त्यांच्या प्रामाणिकपणाने निवड करणाऱ्यांवर ओरखडाही उठला नाही.

मग १९२० साल आलं. पै आजारी पडले, मुस्लिम संघाविरुद्धच्या सामन्याचं नेतृत्व दि. ब. देवधरांकडे गेलं आणि बाळूंना संघातूनच वगळलं. देवधर थोर खेळाडू, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. बाळू तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचे होते, त्यामुळे वयाची सबब सांगता येईल. पण त्यांचे भाऊ विठ्ठल पालवणकर यांना वयाची सबब लागू नव्हती. ते देवधरांना ज्येष्ठ होते, उत्तम फलंदाज होते, आणि तरी त्यांचा विचार झाला नाही. विठ्ठल आणि शिवराम या दोघा भावांनी खेळायला नकार दिला आणि जातीमुळे डावललं जातंय हे उघडपणे लिहून कळवलं. ते दोघे बाहेर बसले तेव्हा कुठे मंडळी हलली. पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्यात बाळू परत आले, उपकप्तान म्हणून. पै मधेच मैदान सोडून गेले आणि तेवढा वेळ बाळूंनी संघ हाकला. इतक्या वर्षांच्या खेळाच्या बदल्यात एवढं मिळालं. विठ्ठल १९२३ मध्ये कप्तान झाले आणि त्याच वर्षी हिंदूंनी युरोपियनांना हरवून स्पर्धा जिंकली. संघ बुडाला नाही, धर्म बुडाला नाही.

हे सगळं आत्ता का उगाळतोय, असं विचारणारे असतीलच. आपल्याकडची पोरं शनिवार-रविवारी रात्री जागून इंग्लंडचं फुटबॉल बघतात, तिथल्या काळ्या खेळाडूंच्या नावाचे टी-शर्ट घालून सांगलीच्या गल्लीबोळांतून फिरतात, म्हणून तिथलंच सांगतो. २०२२ मध्ये ब्लॅक फुटबॉलर्स पार्टनरशिप या संस्थेने अहवाल काढला : प्रीमियर लीगच्या खेळाडूंत काळे ४३ टक्के, आणि व्यवस्थापकीय पदांवर ४.४ टक्के. गोल करायला चालतात, संघ ठरवायला चालत नाहीत. १९६० साली टोनी कॉलिन्स रॉचडेलचा मॅनेजर झाला, इंग्लिश लीगमधला पहिला काळा मॅनेजर. दोन वर्षांत त्याने त्या लहानशा क्लबाला लीग कपच्या अंतिम फेरीत नेलं. यानंतर दारं उघडायला हवी होती. प्रीमियर लीगच्या क्लबाला पहिला काळा ब्रिटिश मॅनेजर मिळाला तो २००८ मध्ये, ब्लॅकबर्नला पॉल इन्स. सहा महिने व्हायच्या आत त्याला काढलं. गोरा मॅनेजर एकीकडे पडला तर दुसरीकडे उभा राहतो, तिसरीकडेही त्याला बोलावणं येतं. काळा एकदा पडला की त्याच्या अपयशाचं खापर सगळ्या काळ्यांवर फुटतं. २०२० मध्ये टीव्हीवरच्या समालोचनाचा अभ्यास झाला. गोऱ्या खेळाडूचं कौतुक करताना त्याची बुद्धी, त्याची मेहनत निघे आणि काळ्याचं करताना त्याचा वेग, त्याची ताकद. तुझे पाय चांगले, डोकं आमचं. मुंबईत हिंदू संघाची निवड करणाऱ्यांना हे कोणी शिकवावं लागलं नव्हतं.

आपण मात्र इंग्लंडच्या वर्णद्वेषावर चहाच्या टपरीवर तावातावाने बोलतो आणि आपल्या मैदानावर आलो की गप्प बसतो. २०१७ मध्ये रामदास आठवल्यांनी भारतीय क्रिकेट संघात दलित-आदिवासींना २५ टक्के आरक्षण मागितलं. आठवले सांगली जिल्ह्यातल्या आगळगावचे, कवठेमहांकाळ तालुक्यातले. राज्यभर त्यांची टिंगल झाली आणि त्यांच्याच जिल्ह्यात सर्वांत जास्त झाली. मला त्यांचं राजकारण पटत नाही आणि अंतिम अकरात कोटा ठेवावा हेही पटत नाही. पण संघात हे समाज इतके कमी का, या त्यांच्या मागणीमागच्या प्रश्नाला एकाही हसणाऱ्याने उत्तर दिलं नाही. पुढच्याच वर्षी ‘इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली’त आलेल्या लेखात हिशेब मांडला होता : भारताकडून कसोटी खेळलेल्या सुमारे २९० पुरुषांत दलित-आदिवासी चारच. देशात हे समाज लोकसंख्येच्या जवळपास चौथा हिस्सा आहेत. खेळात गुणवत्ताच चालते म्हणणाऱ्यांनी मग सरळ सांगावं की या चौथ्या हिश्श्यात गुणवत्ता जन्मालाच येत नाही. तेवढं धाडस नसेल तर गुणवत्तेचं नाव घेऊ नये. बाळूंना वर्षानुवर्षं तिष्ठत ठेवलं तेही गुणवत्तेच्याच नावाने.

आमच्या भागातल्या एका मैदानावर, नाव देत नाही, एक म्हातारे गृहस्थ खेळपट्टी राखतात. सगळे त्यांना नाना म्हणतात. उन्हाळ्यात पहाट फुटायच्या आत पाणी मारतात, मग मातीत अंगठा रुतवून बघतात आणि त्या अंगठ्यावरून सांगतात, आज कुठल्या टोकाकडून चेंडू खाली राहील. पोरांची गोलंदाजी लांबूनच बघून म्हणतात, “खांदा लवकर उघडतोय त्याचा, म्हणून लेगला जातोय.” मी दोन-तीनदा पडताळून पाहिलंय, त्यांचं बरोबर निघतं. शिबिरासाठी प्रशिक्षक नेमायचा विषय निघाला तेव्हा समितीतल्या एकाजवळ मी नानांचं नाव काढलं. तो म्हणाला, “नाना देवमाणूस आहेत हो. पण कोचिंगला जरा वेगळी माणसं लागतात.” नेमला तो समितीतल्याच एकाचा भाचा. नानांना हे सांगितलं तर ते रोलरच्या दांड्यावर हात ठेवून म्हणाले, “आम्हाला कोण इचारतंय? पिच चांगलं झालं का तेवढं बघायचं.” देवमाणूस म्हणायचं आणि माणसाच्या जागेवर बसू द्यायचं नाही. ही आमची जुनी सवय आहे आणि तिचा मला संताप येतो. नाना चौथी शिकलेले आहेत, मान्य. मग त्यांचा मुलगा बी.पी.एड. होऊन घरी बसलाय, त्याला का बोलावलं नाही? याचं उत्तर त्या समितीकडे नव्हतं, आणि आजही नाही.

नेतृत्व दिलं तर काय होतं, हे सांगलीला बाहेरून कोणी सांगायची गरज नाही. विजय हजारे सांगलीत जन्मले, ११ मार्च १९१५ ला, मराठी ख्रिस्ती घरात. त्या काळच्या मुंबईच्या स्पर्धेत हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन असे संघ. यांपैकी कशातही न बसणाऱ्या माणसाला १९३७ पर्यंत जागाच नव्हती. मग ‘दि रेस्ट’ नावाचा पाचवा संघ आला, राहिलेल्यांचा. १९४३ च्या अंतिम सामन्यात हिंदूंनी ५८१ चा डोंगर उभा केला, राहिलेल्यांचा संघ १३३ मध्ये आटोपला आणि फॉलोऑन बसला. दुसऱ्या डावात संघाच्या ३८७ पैकी ३०९ धावा एकट्या हजाऱ्यांच्या. धाकटा भाऊ विवेक एका टोकाला चिकटून राहिला, दोघांनी मिळून ३०० जोडल्या, त्यात विवेकच्या २१. सामना हरले. पण याच राहिलेल्यांतल्या माणसाला पुढे भारताचा कप्तान केलं आणि फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला इंग्लंडचा एक डाव आणि ८ धावांनी पराभव झाला. भारताचा कसोटीतला पहिला विजय. हजारे स्वभावाने अबोल, त्यांच्या नेतृत्वावर टीका करणारे तेव्हाही होते. विजय मात्र त्यांच्याच कप्तानीत आला.

म्हणून सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतल्या प्रत्येक क्रीडा संघटनेकडे, मग ती क्रिकेटची असो, कुस्तीची, कबड्डीची की खो-खोची, माझी मागणी साधी आहे. निवड समितीत कोण, प्रशिक्षक कोण, पंचांची नेमणूक कोण करतो, याची यादी फलकावर लावा. प्रत्येक नेमणुकीची जाहिरात द्या. ज्या समाजातून खेळाडू येतात त्या समाजातल्या निदान एका पात्र उमेदवाराची मुलाखत घेतल्याशिवाय जागा भरू नका. अमेरिकेतल्या ‘अमेरिकन फुटबॉल’च्या लीगने २००३ पासून असा नियम ठेवलाय. तिथेही पळवाटा निघाल्या, नुसती दाखवायची मुलाखत घेऊन परत पाठवतात. पण निदान नाव पुकारलं जातं. इथे तेही होत नाही.

समित्या आपणहून हे करतील यावर माझा विश्वास नाही. पै यांच्या सद्भावनेने कप्तानी हलली नव्हती. विठ्ठल आणि शिवराम संघात हवेसे असताना बाहेर बसले, तेव्हा मंडळी हलली. तेव्हा आज ज्या पोरांशिवाय संघ उभा राहत नाही, सवर्ण घरातली असोत की दलित वस्तीतली, त्यांना माझं सांगणं आहे : पुढच्या शिबिराला भाचा नेमला तर किट भरू नका, घरी थांबा आणि का थांबलात ते सही करून समितीला लिहून द्या.