न पिता बसणे

चर्चासत्राचा दुसरा दिवस संपत आलेला असतो. आभारप्रदर्शन नेहमीप्रमाणे लांबते, प्रमाणपत्रांचे वाटप होते, आणि खुर्च्यांच्या रांगांमधून वाट काढत कोणीतरी शेजारी येऊन हलक्या आवाजात विचारते, "सर, संध्याकाळी बसायचं ना?" मराठी विभागांच्या जगात ज्याने चार वर्षे काढली आहेत, त्याला या 'बसण्या'चा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. हे क्रियापद मोठे विलक्षण आहे. त्यात दारूचा उल्लेख नाही, पेल्याचा नाही, पिण्याचाही नाही. भाषेने येथे पदार्थ गाळला आणि सोबत तेवढी ठेवली. परिणामी, जो 'मी पिणार नाही' असे म्हणतो, तो 'मी तुमच्यात बसणार नाही' असे म्हणाल्यासारखे ऐकू येते. प्रस्तुत लेख या गैरसमजाविषयी आहे.

यात माझा स्वतःचा संबंध आहे, तो आधीच सांगून टाकतो. झोप येत नाही या तक्रारीसाठी मी सहा वर्षे रोज रात्री अल्प्राझोलामची गोळी घेत होतो. डॉक्टरांनी लिहून दिलेली, औषधाच्या दुकानातून पावती घेऊन आणलेली. पुढे ती सोडायचे ठरले, तेव्हा वैद्यकीय देखरेखीखाली थोडी थोडी कमी करत ती पूर्ण थांबायला चौदा महिने लागले. शेवटचा तुकडा घेतला त्या दिवशी सारे संपले असे मला वाटले होते. प्रत्यक्षात पुढचे कित्येक महिने कानात बारीक आवाज येत असे, दिव्यांचा प्रकाश टोचत असे, आणि भरलेल्या सभागृहात छातीत धडधडू लागे. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र मी अगदी पूर्वीसारखाच दिसत होतो. 'बसायचं ना?' हा प्रश्न मला त्याच काळात सर्वाधिक वेळा विचारला गेला.

हे औषध आपल्या काळाचे आहे. लिओ स्टर्नबाख या रसायनशास्त्रज्ञाने रोश कंपनीच्या प्रयोगशाळेत या कुळातील पहिले द्रव्य तयार केले. ते १९६० साली 'लिब्रियम' या नावाने बाजारात आले, आणि १९६३ साली त्याच्या मागोमाग 'व्हॅलियम' आले. त्यापूर्वीच्या बार्बिट्युरेट औषधांपेक्षा ही बेंझोडायझेपीने खूपच सुरक्षित होती, आणि त्यामुळेच ती घरोघर पोचली. दीर्घकाळ घेतल्यास शरीराला त्यांची सवय लागते, हे सर्वमान्य व्हायला बराच काळ गेला. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या सर्व गोळ्यांच्या माहितीपत्रकावर अवलंबित्वाविषयी चौकटीतला ठळक इशारा छापण्याचा आदेश दिला, तो २०२० साली. आपल्याकडे २०१३ साली काढलेल्या 'एच-१' अनुसूचीत अल्प्राझोलाम, डायझेपाम आदींचा समावेश झाला, आणि त्यांच्या विक्रीची नोंद ठेवणे दुकानदाराला बंधनकारक झाले.

मद्य आणि ही गोळी यांचे नाते समजून घेतल्याशिवाय पुढचा युक्तिवाद पटणार नाही. मेंदूला शांत करणारा 'गाबा' नावाचा एक रासायनिक दूत असतो. बेंझोडायझेपीन त्याच्या ग्राहकाला बिलगते आणि त्याचा शांतवणारा परिणाम वाढवते. मद्यही अन्य अनेक ठिकाणांबरोबर याच ग्राहकावर काम करते. दोहोंची जागा एकच नसली, तरी दार तेच. रोज बाहेरून शांतता पुरवली गेली की मेंदू आपला तोल त्या हिशेबाने बसवतो. ग्राहक बोथट होतात, उत्तेजित करणारी यंत्रणा वरचढ होते. मग गोळी काढून घेतली की उरते ती निव्वळ उत्तेजना. निद्रानाश, कंप, भय आणि अचानक थांबवल्यास क्वचित आकडीसुद्धा येते. मद्यपी माणसाची दारू सोडवताना रुग्णालयात त्याला बेंझोडायझेपीनच दिले जाते, कारण एकाची उणीव दुसरे भरून काढते. हेच वाक्य उलट फिरवून वाचले की गोळी सोडणाऱ्याने पेला का टाळावा ते कळते. गोळी चालू असताना वर मद्य घेतले तर दोहोंच्या बेरजेने श्वसन मंदावण्याचा धोका असतो. गोळी थांबल्यावर मद्य घेतले तर मेंदू जी शांतता स्वतः निर्माण करायला पुन्हा शिकत असतो, ती त्याला उसनी मिळते, आणि उसनवारी फेडावी लागते.

मी ती फेडली आहे. गोळी थांबून पाच महिने झाले असताना एका संध्याकाळी आग्रहाला बळी पडून दोन पेग घेतले. सत्य सांगायचे तर ती संध्याकाळ सुंदर होती. कित्येक महिन्यांनी खांदे सैल पडले, मी हसलो, वादही घातला. पहाटे तीनला जाग आली ती धडधडत्या छातीने, आणि पुढचे नऊ-दहा दिवस मी अनेक आठवडे मागे ढकलला गेलो. त्या रात्रीने मला शिकवले ते असे, की धोका मद्याच्या वाईट परिणामापेक्षा त्याच्या चांगल्या परिणामात अधिक होता. जे मला गोळीने दिले होते, तेच तासाभरासाठी परत मिळाले होते. दुसऱ्या दिवशी मला दारूची आठवण झाली नाही, गोळीची झाली.

आता साहित्याकडे वळतो. व्यसनाचा विषय निघाला की मराठी मनात आपोआप उभे राहते ते गडकऱ्यांचे 'एकच प्याला'. नाटककाराच्या निधनानंतर महिन्याभरातच, १९१९च्या फेब्रुवारीत, ते रंगभूमीवर आले, आणि शंभर वर्षांहून अधिक काळ आपल्या नैतिक कल्पनाशक्तीवर त्याने राज्य केले. या नाटकाची थोरवी मान्य करूनही विचारावेसे वाटते, की त्याने आपल्याला किती प्रकारची माणसे पाहायला शिकवली? सुधाकर आहे, तो बुडतो. तळीराम आहे, तो बुडवतो. सिंधू आहे, ती सोसते. याविरुद्ध मैफलीची दुसरी परंपरा आपण बाहेरून आणली आणि आपलीशी केली. तिच्यात पिणारा हा संवेदनशील, बंडखोर, व्यवहाराला तुच्छ लेखणारा कलावंत असतो. आपल्या साहित्यिक बैठकांमध्ये या दोनच भूमिका उपलब्ध असतात. न पिणारा एक तर धर्मभीरू ठरतो, नाही तर 'पूर्वी फार प्यायचा, आता सोडली' अशा कुजबुजीचा विषय होतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवून रोज एक छोटी गोळी घेतलेल्या आणि ती सोडताना उन्मळून पडलेल्या माणसाला या नाटकात पात्र नाही. त्याच्या गोष्टीत तळीराम नाही, गुत्ता नाही, पतनसुद्धा नाही.

आणि तरीही 'एकच प्याला' पुन्हा वाचताना एक गोष्ट नव्याने दिसली. न्यायालयातल्या अपमानाने आणि सनद गेल्याने सैरभैर झालेल्या सुधाकराला पहिला पेला दिला जातो तो चैनीसाठी नव्हे, दुःखाचा विसर पडावा म्हणून. तो पेला औषध म्हणूनच पुढे येतो. औषध आणि नशा यांच्यामधली भिंत आपल्या समाजात कधीच फार जाड नव्हती. महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली मद्यपानाचा जो परवाना मिळतो, तो आरोग्याच्या जतनासाठी असल्याचे त्यावर नमूद असते. थट्टेने आपण दारूला 'औषध' म्हणतो, 'तीर्थ'ही म्हणतो. ज्या भाषेत इतकी सोज्ज्वळ नावे आहेत, त्या भाषेत 'विथड्रॉवल' या अवस्थेला मात्र रुळलेला शब्द नाही. गर्दच्या काळात रस्त्यावरच्या व्यसनी मुलांनी 'टर्की' हा शब्द वापरात आणला. मध्यमवर्गीय घरात गोळी सोडणाऱ्याला तोही घेता येत नाही. तो नुसते 'बरं वाटत नाहीये' एवढे म्हणतो. शब्दच नसल्यामुळे अनुभवही नाकारला जातो, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांना मी वेगळे सांगायला नको.

इंग्रजीत या अनुभवाला काहीशी जागा मिळाली आहे. बार्बरा गॉर्डन या दूरचित्रवाणीवर माहितीपट करणाऱ्या बाईंनी, व्हॅलियम एकदम बंद केल्यावर आपली काय अवस्था झाली, याची कहाणी 'आय अ‍ॅम डान्सिंग अ‍ॅज फास्ट अ‍ॅज आय कॅन' या आत्मकथनात सांगितली. ते १९७९ साली प्रसिद्ध झाले. ही गोळी कोणीही अशी एकाएकी थांबवू नये, हा त्या पुस्तकाचा वैद्यकीय धडा आजही तितकाच खरा आहे. दुसरे नाव हेदर अ‍ॅश्टन यांचे. १९२९ साली डेहराडूनला जन्मलेल्या या विदुषी पुढे इंग्लंडमधील न्यूकासल येथे मानसऔषधशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या. १९८२ ते १९९४ अशी बारा वर्षे त्यांनी तेथे ही औषधे सोडू पाहणाऱ्यांसाठी खास विभाग चालवला, आणि त्या अनुभवावर आधारित एक पुस्तिका लिहिली. मात्रा फार हळूहळू कमी करावी आणि वेग रुग्णाने ठरवावा, हे तिचे सार आहे. मला त्यात एक साहित्यिक मूल्य जाणवते. बाईंनी रुग्णांचे म्हणणे खरे मानून ऐकले होते. जे मोजता येत नव्हते तेही त्यांनी लिहून घेतले होते.

आता आक्षेपांचा विचार. पहिला आक्षेप असा, की इतका त्रास होत असेल तर माणसाने अशा ठिकाणी जाऊच नये. हा सल्ला सोपा आहे आणि घातक आहे. या काळात माणूस तसाही आक्रसत जातो. गोंगाट नको, प्रकाश नको, प्रश्न नकोत असे करता करता तो चार भिंतींपुरता उरतो, आणि भयाला एकांतासारखे दुसरे खाद्य नाही. मला बरे केले त्यात माणसांचा वाटा मोठा होता. म्हणून जावे. लवकर जावे, दाराजवळची खुर्ची घ्यावी, आणि तासाभराने कोणाची परवानगी न मागता उठावे.

दुसरा आक्षेप, 'एका पेल्याने काय होते?' काहींना काहीच होत नाही, हे मी नाकारत नाही. प्रत्येकाचे शरीर वेगळे, घेतलेली मात्रा वेगळी, काळ वेगळा. आयुष्यभराच्या संन्यासाची दीक्षा मी कोणाला देत नाही, आणि पिणाऱ्या मित्रांविषयी माझ्या मनात अढी नाही. मुद्दा नीतीचा नसून वेळेचा आहे. मोडलेले हाड जुळून येत असताना त्यावर भार देऊ नये, इतकाच. मात्र हाडाला प्लास्टर असते आणि ते दिसते.

न दिसणाऱ्या प्लास्टरसाठी आपण खोटे बोलतो. मी कित्येक महिने 'अँटिबायोटिकचा कोर्स चालू आहे' हे वाक्य वापरले. त्याला कोणी हरकत घेत नाही, उलट सहानुभूती मिळते. पाच दिवसांच्या औषधाला जो मान मिळतो, तो सहा वर्षांच्या औषधाला मिळत नाही, याची मला गंमत वाटे आणि थोडी शरमही. परंतु अँटिबायोटिक दर चर्चासत्राला चालू असू शकत नाही. तिसऱ्या वेळी एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी सर्वांसमक्ष म्हटले, "काय हो, तुमचा हा कोर्स संपतो तरी कधी?" सगळे हसले, मीही हसलो. त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण त्या क्षणी माझ्यापुढे दोनच मार्ग होते. एक तर भरल्या बैठकीत माझ्या मेंदूचा इतिहास सांगायचा, नाही तर पेला उचलायचा. कोणत्याही सुसंस्कृत बैठकीने पाहुण्याला अशा पेचात उभे करू नये.

माझे मागणे एवढेच आहे. नकार आला की तो एकदाच ऐकावा, कारण विचारू नये, आणि विषय चालू असलेल्या कवितेकडे परत न्यावा. संहितेतल्या मौनाचा अर्थ लावायला आपण विद्यार्थ्यांना शिकवतो. शेजारी बसलेल्या माणसाच्या मौनाला अर्थ न लावता तसेच राहू द्यावे, हेही शिकवता आले पाहिजे.

गेल्या वर्षी एका गावी परिसंवादानंतर पुन्हा तो प्रश्न आला. मी म्हणालो, "बसू या, पण मी पिणार नाही." यजमान प्राध्यापिका एवढेच म्हणाल्या, "चहा सांगते मग. साखर चालते ना?" त्या रात्री साडेदहापर्यंत आम्ही मर्ढेकरांवर कडाकडा भांडलो. माझा चहा दोनदा गार झाला, आणि तो दोनदा गरम करून आणण्यात आला.