आधी माती तपासा, मग पाया खणा

आमच्या रस्त्याच्या तोंडावरचा जुना पेट्रोल पंप बंद झाला आणि आता तिथे इमारतीचा फलक लागलाय. जमिनीतल्या लोखंडी टाक्या गळत होत्या का, खालची माती कुणी तपासली का, कुणीच सांगत नाही. विहिरी-बोअरची पाहणी करण्यात माझी हयात गेली, म्हणून जीव तुटतो. पेट्रोल पाण्यावर तरंगतं, पण त्यातलं बेन्झीन पाण्यात विरघळतं आणि त्याने रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. आपल्या काळ्या पाषाणात ते कुठल्या भेगेतून कुणाच्या बोअरला जाऊन भिडेल, वरून कळत नाही.

माती साफ करता येते. ती उपसून नेतात, नाहीतर तिच्यातली वाफ यंत्राने ओढून घेतात; जमिनीत हवा सोडली की तिथलेच जिवाणूही तेल फस्त करतात, फक्त वेळ लागतो. आणि पैसा. अमेरिकेने १९८६ मध्ये इंधनाच्या दर गॅलनवर सेंटचा दहावा भाग कर लावून त्यासाठी निधी उभारला. आपल्याकडे दूषित जागांचे केंद्रीय नियम २०२५ मध्ये आले. तरीही महापालिकेने बांधकामाची परवानगी देण्याआधीच माती आणि शेजारच्या बोअरच्या पाण्याचा अहवाल मागावा. सफाईचा खर्च टाकीच्या मालकाकडून घ्यावा, घर घेणाऱ्यांकडून नव्हे.