विश्लेषण : दक्षिण कोरियाचा ८५८ टेराबाइट सरकारी डेटा एका आगीत गेला, दुसरी प्रत का नव्हती?

दक्षिण कोरियातील देजॉन शहरात सरकारचे मुख्य डेटा सेंटर आहे. २६ सप्टेंबर २०२५ रोजी रात्री तेथे पाचव्या मजल्यावर लिथियम-आयन बॅटऱ्या हलवण्याचे काम सुरू असताना एकीने पेट घेतला. आग विझवायला सुमारे २२ तास लागले. ७०९ सरकारी यंत्रणा बंद पडल्या. टपाल खात्याची बँकसेवा, मोबाइल ओळखपत्र, दाखले देणारे संकेतस्थळ, सगळे ठप्प झाले, तेही चुसोकचा सण तोंडावर आलेला असताना.

बंद यंत्रणा टप्प्याटप्प्याने सुरू झाल्या. ‘जी-ड्राइव्ह’ मात्र परत आला नाही. सरकारी कर्मचाऱ्यांच्या या क्लाउडमध्ये ८५८ टेराबाइट फाइल होत्या आणि सुमारे सव्वा लाख कर्मचारी तो वापरत होते. कार्यालयातील संगणकावर काही ठेवू नका, सगळे इथेच ठेवा, अशी सूचना काही खात्यांत होती. ज्यांनी ती तंतोतंत पाळली, त्यांचेच सर्वाधिक नुकसान झाले.

बॅकअप का नव्हता?

साठवण प्रचंड क्षमतेची, पण संथ असल्याने बाहेर बॅकअप घेणे शक्य नव्हते, असे सरकारने सांगितले. हे पटणे कठीण आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये पांग्यो येथील डेटा सेंटरला आग लागून ‘काकाओ’ ही लोकप्रिय मेसेजिंग सेवा कोलमडली, तेव्हा तत्कालीन सरकारने कंपनीला दुसरी यंत्रणा सज्ज न ठेवल्याबद्दल धारेवर धरले होते. आमचे केंद्र बंद पडले तर तीन तासांत सेवा पूर्ववत होईल, असेही तेव्हा सांगण्यात आले होते.

रेप्लिकेशन म्हणजे काय?

डेटाची जिवंत प्रत दुसऱ्या ठिकाणी सतत तयार होत राहणे. डेटाबेसमध्ये मुख्य सर्व्हर प्रत्येक बदल आधी आपल्या लॉगमध्ये, म्हणजे रोजकीर्दीत, नोंदवतो. तो लॉग दुसऱ्या सर्व्हरकडे जातो आणि तिथे तेच बदल त्याच क्रमाने केले जातात. क्लाउडवर हे काही क्लिकमध्ये सुरू करता येते. खरा प्रश्न असतो, प्रत किती दूर ठेवायची?

प्रत जवळ असेल तर ‘सिंक्रोनस’ पद्धत परवडते. दोन्हीकडे नोंद झाल्याशिवाय ग्राहकाला ‘व्यवहार यशस्वी’ दिसत नाही, त्यामुळे काहीच हरवत नाही. मात्र एकाच शहरावर संकट आले तर दोन्ही प्रती धोक्यात. म्हणून दुसरे शहर. ॲमेझॉनच्या क्लाउडचे भारतात मुंबई आणि हैदराबाद असे दोन विभाग आहेत. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई-हैदराबाद अंतर ६०० किलोमीटर धरले, तरी जाऊन येऊन किमान सहा मिलिसेकंद लागतात. सहा मिलिसेकंद म्हणजे काहीच नाही, असे वाटेल. पण प्रत्येक नोंदीमागे ते मोजावे लागले की गर्दीच्या वेळी रांग लागते. म्हणून दूरच्या प्रतीसाठी सहसा ‘असिंक्रोनस’ पद्धत वापरतात. व्यवहार आधी पूर्ण होतो, प्रत मागून येते. या मागे राहण्याला ‘लॅग’ म्हणतात. मुख्य सर्व्हर त्याच क्षणी जळाला, तर तेवढ्या नोंदी गेल्या.

मग रेप्लिकेशन पुरेसे आहे का?

नाही. मुख्य सर्व्हरवर कोणी चुकून टेबल पुसले, तर रेप्लिका तेही इमानाने पुसते. ३१ जानेवारी २०१७ रोजी ‘गिटलॅब’ कंपनीत बिघडलेले रेप्लिकेशन दुरुस्त करताना अभियंत्याने चुकीच्या, म्हणजे मुख्य, सर्व्हरवरचा डेटा पुसला. नेहमीचे बॅकअप बरेच दिवस होतच नव्हते आणि हे कोणाच्या लक्षात आले नव्हते. सुमारे सहा तासांपूर्वी काढलेला एक स्नॅपशॉट हाताशी होता म्हणून बहुतेक डेटा वाचला. त्यानंतरच्या नोंदी गेल्या.

म्हणून रेप्लिकेशनबरोबर वेगळा बॅकअप लागतो, शक्यतो वेगळ्या खात्यात. शिवाय मुख्य सर्व्हर मुद्दाम बंद करून रेप्लिकावर काम चालते का, याची तालीमही लागते. दुसऱ्या शहरातील सर्व्हरचे भाडे आणि दोन शहरांमधील डेटा वाहतुकीचे शुल्क दर महिन्याच्या बिलात येते, म्हणून खर्चकपातीत कात्री आधी इथेच लागते. कोरियात गोंगजू येथे बॅकअप केंद्र उभारले जात होते. देजॉनला आग लागली तेव्हा ते पूर्णपणे कार्यान्वित झालेले नव्हते.