शेवटची बर्थ कोणाची?

सकाळचे दहा वाजतात आणि वातानुकूलित डब्यांचे 'तत्काळ' आरक्षण खुले होते. नागपूरला जाणाऱ्या गाडीत एक बर्थ शिल्लक असल्याचे ठाण्यातील प्रवाशाला दिसते. त्याच क्षणी तीच बर्थ पुण्यातील प्रवाशालाही दिसते. दोघेही पैसे भरतात. एकाला बर्थ मिळते, दुसऱ्याच्या हाती प्रतीक्षायादीतील क्रमांक येतो. संकेतस्थळाने आपल्याला फसविले, असे त्याला वाटणे स्वाभाविक आहे.

वस्तुतः पडद्यावरील आकडा हे आश्वासन नसते. ती काही क्षणांपूर्वीची नोंद असते. दोन विनंत्यांनी 'शिल्लक एक' हा आकडा एकाच वेळी वाचला आणि दोघींनीही त्यातून एक वजा करून शून्य लिहिले, तर हिशेब जुळलेला दिसेल. पण बर्थ एक आणि तिकिटे दोन! हे टाळण्यासाठी डेटाबेसमधील त्या नोंदीला तात्पुरते कुलूप लावले जाते. पहिल्याचे काम संपेपर्यंत दुसऱ्याने थांबायचे. कुलूप न लावता प्रत्येक नोंदीला आवृत्ती क्रमांक देण्याचीही पद्धत आहे. मधल्या काळात तो बदलला असेल, तर नवी नोंद नाकारली जाते. गर्दी कमी असताना हे उत्तम चालते. 'तत्काळ'च्या पहिल्या मिनिटात मात्र बहुतेकांना रिकाम्या हाताने परतावे लागेल.

खरा वाद आहे तो कुलूप कधी लावायचे, याचा. चित्रपटगृहाची खुर्ची निवडताच ती काही मिनिटे आपल्यासाठी राखली जाते. रेल्वेत बर्थ ठरते ती पैसे भरल्यानंतर. 'निश्चित बर्थ मिळाली तरच तिकीट काढा' हा पर्याय अर्जात द्यावा लागला, तो त्यामुळेच. बँकेचा ओटीपी उशिरा आला, की जागा गेली. प्रवाशांचा संताप रास्त आहे. तरीही जागा आधीच राखून ठेवण्याची मागणी वाटते तितकी निरुपद्रवी नाही. तसे झाले असते, तर दलालांच्या स्वयंचलित सॉफ्टवेअरनी एक पैसाही न भरता क्षणार्धात बर्थ अडवून ठेवल्या असत्या.

जुलै २०२५ मध्ये ऑनलाइन 'तत्काळ' तिकिटासाठी आधार पडताळणी सक्तीची झाली आणि अधिकृत एजंटांना पहिली ३० मिनिटे मनाई करण्यात आली. रांगेत कोण उभे राहणार, एवढेच त्यातून ठरले. मात्र ओळख पटलेल्या प्रवाशाला, एका खात्यावर एकदाच, दोन-तीन मिनिटांसाठी बर्थ राखून देणे आता अशक्य नाही. मुदतीत पैसे न आल्यास ती आपोआप पुढच्या प्रवाशाकडे जावी. रेल्वेने निदान एखाद्या गाडीवर हा प्रयोग करून पाहावा.