गवळाऊचा वळू आणि वीर्यातील द्रव

वर्धा जिल्ह्यातील आर्वी, कारंजा आणि आष्टी हे तालुके गवळाऊ गोवंशाचे माहेर मानले जातात. नंदगवळी पशुपालकांनी रानात चारून जोपासलेला हा पांढरा, चपळ गोवंश टिकवायचा तर शुद्ध वळूंच्या जोडीला कृत्रिम रेतनाची, म्हणजे गोठवलेल्या वीर्याची, कांडीही लागते. कांडीची गुणवत्ता पाहताना मोजदाद होते ती शुक्राणूंची: पाव मिलिलिटरमध्ये सुमारे 2 कोटी, आणि वितळवल्यावर त्यांपैकी निम्मे तरी पुढे सरकणारे. ज्या द्रवातून ते आले त्याची विचारपूस सहसा होत नाही, आणि प्रस्तुत स्तंभाचा आक्षेप नेमका तेथे आहे.

हा द्रव मुख्यतः शुक्राशय ग्रंथींतून पाझरतो. त्यातील फळशर्करा शुक्राणूंना ऊर्जा पुरवते. परंतु खरे गुंतागुंतीचे काम करतात ती बीएसपी नावाची, शुक्राणूला चिकटणारी प्रथिने. ती शुक्राणूच्या आवरणातील मेदावर बसतात, तेथील कोलेस्टेरॉल काढून घेतात आणि त्याला सक्षमीभवनासाठी, म्हणजे ऑस्टिन आणि चांग यांनी 1951 मध्ये दाखवून दिलेल्या, बीजांड भेदण्यापूर्वीच्या सिद्धतेसाठी, तयार करतात. गायीच्या बीजवाहिनीच्या अस्तराला शुक्राणू काही काळ धरून राहतो तोही यांच्याच आधारे. गायीच्या शरीरात शुक्राणू हा द्रव लवकरच मागे टाकतो, म्हणून कोलेस्टेरॉल काढून घेणे हिताचे ठरते. साठवणीत मात्र तीच प्रथिने आवरण पोखरत राहतात. वीर्य पातळ करताना अंड्याचा पिवळा बलक घालण्याची रीत 1940 च्या सुमारास रुळली, पण बलकातील मेदप्रथिने बीएसपीला बांधून ठेवतात हे कारण माँट्रियलच्या मंजुनाथ यांच्या गटाने 2002 मध्ये पुढे आणले. म्हणजे उपाय आधी सापडला आणि उलगडा साठ वर्षांनी. हैदराबाद विद्यापीठातील मुस्ती स्वामी यांच्या गटाला तर याच कुळातील पीडीसी-109 हे प्रथिन इतर प्रथिनांना गोळा होण्यापासून वाचवतानाही आढळले.

बोकडाची तऱ्हा निराळी. त्याच्या काउपर ग्रंथीतील विकर बलकातील लेसिथिन फोडते आणि त्यातून शुक्राणूंना घातक पदार्थ तयार होतो. रॉय यांनी 1957 मध्ये या विकराची नोंद केली, आणि म्हणूनच बोकडाचे वीर्य गोठवण्यापूर्वी बहुधा धुऊन घेतात. एका जनावराचा नियम दुसऱ्याला लागू पडत नाही, तर मग वीर्य पातळ करण्याचे विदेशी वळूंवर बेतलेले मिश्रण गवळाऊला तपासणीविनाच मानवेल असे का धरावे?

वळूवळूंतही फरक असतोच. किलियन यांनी 1993 मध्ये होल्स्टिन वळूंच्या वीर्यद्रवात अशी चार प्रथिने दाखवली, ज्यांपैकी दोन अधिक फलनक्षम वळूंत आणि दोन कमी फलनक्षम वळूंत जास्त होती. तरीही गाय गाभण न राहता उलटली की दोष तिच्या माजावर, चाऱ्यावर किंवा रेतन करणाऱ्याच्या हातावर जातो. वळूची निवड करतानाच त्याच्या द्रवाचा थोडा नमुना राखून त्यातील प्रथिने तपासावीत, आणि तो तपशील गावच्या दवाखान्यातील गाभण राहिलेल्या गायींच्या नोंदींशी ताडून पाहावा. त्यासाठी अपकेंद्री यंत्र, शीतपेटी आणि नीट भरलेले रजिस्टर यांपासून आरंभ करता येईल, आणि त्यांपैकी रजिस्टरच सर्वांत अवघड जाईल.