झाकली मूठ आणि शाळेतील छळ

शाळेतून परतलेल्या मुलाच्या सदऱ्याची गुंडी तुटलेली दिसली की आई कारण विचारते आणि 'खेळताना तुटली' एवढे सांगून मुलगा मोकळा होतो. पुढे पोटदुखीची सबब रोजची होते, आणि गुंडी खेळताना तुटली नव्हती हे घरच्यांच्या फार उशिरा ध्यानी येते. वडील मुख्याध्यापकांकडे गेले, तर 'मुलेच ती, मस्ती करायचीच' हे उत्तर मिळते. चौकीवर गेले, तर 'आपसातील किरकोळ भांडण' या सदरात प्रकरण मिटते. ज्या गोष्टीला दप्तरात नावच नाही तिची नोंद व्हावी कशी, आणि नोंदच नाही तर बंदोबस्त कोणी करावा?

आमच्या इचलकरंजीत या प्रश्नाला आणखी एक धार आहे. 1904 साली येथे पहिला यंत्रमाग सुरू झाला, आणि पुढे हे गाव बाहेरून आलेल्या माणसांच्या श्रमावर वाढले. मागावर, सायझिंगमध्ये आणि कांडीवर राबणाऱ्यांची मुले कानडी, तेलुगू, हिंदी अशा निरनिराळ्या भाषा घेऊन एका बाकावर बसतात. उच्चारावरून, जातीवरून, बापाच्या धंद्यावरून चिडविणे सुरू होते आणि त्याचा शेवट मारहाणीत होतो. बाप रात्रपाळीवर, आई कांडीवर. शाळेत जाऊन साहेबांपुढे उभे राहावयाचे म्हणजे दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडणे आले. ज्याला तक्रारीची गरज सर्वांत अधिक, त्यालाच ती सर्वांत महाग पडते. भारी शुल्काच्या शाळांत हा रोग नाही, असे मात्र कोणी समजू नये. तेथे तो इंग्रजीत बोलतो, एवढेच.

कायदा नाही म्हणून हे चालते, असे म्हणण्यास जागा नाही. 1999 चा महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध कायदा केवळ महाविद्यालयांसाठी आहे, असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः विद्यादान करणारी कोणतीही संस्था, तिचे वसतिगृह आणि शिकवणीवर्गही त्याच्या व्याख्येत बसतात. तक्रार आल्यापासून सात दिवसांत संस्थेच्या प्रमुखाने चौकशी केली पाहिजे. हयगय केल्यास त्याने गुन्ह्यास साहाय्य केले, असे तो कायदा मानतो. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याचे कलम 17 शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई करते. कलम 32 अन्वये कोणालाही स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते. तिचा निर्णय तीन महिन्यांत द्यावयाचा असतो आणि त्यावर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील आहे. हे स्थानिक प्राधिकरण म्हणजे दुसरे कोणी नसून आपली महानगरपालिकाच होय. 2022 साली नगरपालिकेची महानगरपालिका झाली तेव्हा गावाने आनंद मानला. मान वाढला तसे उत्तरदायित्वही वाढले, याचे स्मरण आम्ही आज देत आहो.

ऑगस्ट 2024 मधील बदलापूरचे प्रकरण मुलामुलांतील दांडगाईहून फारच भयंकर. दोहोंची तुलना कोणी करू नये. परंतु तेथे तक्रार नोंदविण्यास झालेला विलंब आपल्या व्यवस्थेची रीत दाखवून गेला. लोकांनी रेल्वे रोखली, उच्च न्यायालयाने आपणहून दखल घेतली, आणि मग शाळाशाळांत कॅमेरे व तक्रारपेट्या बसविण्याचे आदेश सुटले. पेटी भिंतीवर टांगणे सोपे असते. तिची किल्ली कोणाजवळ आणि ती उघडावयाची कधी, यावर सारे अवलंबून आहे. ज्यांच्या विरुद्ध तक्रार, त्यांच्याच हाती किल्ली असेल तर ती पेटी रिकामीच राहणार.

शाळा हे का दडविते? 'झाकली मूठ सव्वा लाखाची' हा व्यवहार त्याच्या मुळाशी आहे. जपानमधील ओत्सू शहरात 2011 साली छळामुळे एका शाळकरी मुलाने जीव दिला. स्थानिक शिक्षण मंडळाने चौकशी आवरती घेतली आणि विद्यार्थ्यांनी दिलेली माहिती दाबून ठेवली. पुढे हे उघड झाले, देश हादरला आणि 2013 साली स्वतंत्र कायदा झाला. आज तेथे छळाच्या नोंदी वर्षाला सात लाखांवर जातात, आणि अधिक नोंदी करणारी शाळा बदनाम न ठरता जागरूक समजली जाते. 'आमच्याकडे एकही तक्रार नाही' असे अभिमानाने सांगणाऱ्या आपल्या शाळांनी याचा विचार करावा.

तक्रारींचा सुकाळ झाला तर शिक्षकांना शिकविणे अशक्य होईल आणि अजाण मुलांवर गुन्हेगारीचा शिक्का बसेल, असा आक्षेप येईल. त्याचा दुसरा भाग आम्हांस मान्य आहे. छळ करणारा मुलगाही मूलच असतो, आणि पुष्कळदा घरी मार खाऊनच तो शाळेत येतो. म्हणूनच वेळीच झालेली नोंद हवी. पहिल्या धक्क्याच्या वेळी जे समजुतीने सुटते, ते पुढे चौकीवाचून सुटत नाही.

जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व शिक्षणसंस्थांत छळाच्या तक्रारीची गोपनीय व्यवस्था असावी आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली देखरेख समित्या असाव्यात, असे निर्देश दिले. वरून आलेला निर्देश खाली पोचतो की नाही, हे गावाने पाहावयाचे असते. महानगरपालिकेने तक्रारीची तारखेसह पोच द्यावी, तीन महिन्यांची मुदत ही कमाल आहे हे ओळखून पंधरवड्यात निर्णय करावा, कांडीवरच्या आईला सायंकाळी भेटता येईल असा अधिकारी नेमावा, आणि शाळावार नोंदींचा तक्ता दर वर्षी सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा. यास मोठा खर्च नाही. छळ सोसणाऱ्यानेच शाळा सोडावी, हा उफराटा न्याय तरी प्रथम थांबावा.

1917 साली राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकास दंड ठेवला. मुलाने शाळेत आलेच पाहिजे असे जे शासन म्हणते, त्याने तेथे त्या मुलाच्या अंगाला व मनाला धक्का लागणार नाही, याची हमीही घेतली पाहिजे. सक्तीचा हा दुसरा अर्धा भाग शंभर वर्षांनंतरही आपण पुरा केलेला नाही.